दंतकाष्ठ, राखुंडी आणि ब्रश : जुन्नर-आंबेगाव परिसरातील बालकांच्या दंतधावनाचा मागोवा

१

लहान मुलांना दात घासण्याची गोडी कशी लागावी, हा प्रश्न सामान्यतः आईचा, शिक्षकाचा किंवा दंतवैद्याचा समजला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काही आहे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु रोजच्या जीवनातील अशा लहान क्रियांनाही स्वतःचा इतिहास असतो आणि तो पाहिल्यावाचून आजच्या अडचणींचा उलगडा पुरतेपणी होत नाही. मूल दात घासावयास कोणाकडून शिकले, कोणाच्या शेजारी बसून शिकले आणि त्या वेळी त्याच्या हातात काय होते, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या परिसरात हा विषय तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

हा परिसर निवडण्यास सबळ कारण आहे. या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत आहे. नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंतच्या या डोंगराळ पट्ट्यात महादेव कोळी व ठाकर समाजांची वस्ती असून हिरडा हे तेथील लोकांच्या उपजीविकेचे एक मोठे साधन आहे. पूर्वेकडचा भाग कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांचा. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या पाच धरणांमुळे या खोऱ्यांत बागायत वाढली, उसाचे क्षेत्र पसरले आणि दोन्ही तालुक्यांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले. म्हणजे दंतमंजनात पडणारा हिरडा आणि दात किडविणारी साखर, या दोन्ही वस्तू एकाच परिसरात पिकतात. या दोहोंच्या मध्ये वाढणाऱ्या मुलाच्या दातांचा इतिहास म्हणूनच पाहण्यासारखा आहे.

२

या परिसरातील सर्वांत जुना ठळक अवशेष म्हणजे जुन्नरभोवतालची बौद्ध लेणी. शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा व मानमोडी या डोंगरांत मिळून दीडशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. लेण्यांबरोबर पाण्याची टाकी खोदून दान दिल्याचे उल्लेख तेथील शिलालेखांत वारंवार येतात. लेखांतील प्राकृत भाषेत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगरावर राहणाऱ्या भिक्षुसंघाला पिण्यासाठी, स्नानासाठी आणि सकाळच्या मुखप्रक्षालनासाठी लागणारे पाणी या पोढींतून मिळत असे.

या सकाळच्या विधीचे सविस्तर नियम पाली विनयपिटकात आले आहेत. जुन्नर येथील संघांचा विनय अक्षरशः हाच होता असे म्हणता येणार नाही, कारण निरनिराळ्या निकायांचे विनयग्रंथ निरनिराळे होते. तथापि दंतकाष्ठाचा वापर त्या सर्वांना समान होता. चुल्लवग्गात दंतकाष्ठ चावण्याचे पाच लाभ सांगितले आहेत : डोळ्यांना हित होते, तोंडाला दुर्गंधी येत नाही, रस ग्रहण करणाऱ्या वाहिन्या शुद्ध राहतात, कफ व पित्त अन्नाला वेढीत नाहीत आणि अन्नावर रुची येते. यांतील अखेरचा लाभ लक्षात घेण्याजोगा आहे. आरोग्याबरोबर जेवणाच्या गोडीचाही विचार नियमकर्त्यांनी केला होता.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची अशी एक हकिकत त्याच प्रकरणात आहे. ‘षड्वर्गीय’ म्हणून ओळखले जाणारे काही उच्छृंखल भिक्षू फार लांब दंतकाष्ठे वापरीत आणि त्याच काठ्यांनी श्रामणेरांना, म्हणजे संघातील लहान वयाच्या शिकाऊ मुलांना, मारीत. ही तक्रार बुद्धांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी आठ अंगुळांहून लांब दंतकाष्ठ वापरण्यास मनाई केली. पुढे एका भिक्षूच्या घशात फारच आखूड काडी अडकली, म्हणून चार अंगुळांहून आखूड काडीही निषिद्ध ठरली. दात घासण्याच्या साधनाची लांबी ठरविताना त्याची छडी होऊ नये हा विचार झाला, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

हे श्रामणेर किती लहान असत, याचीही कल्पना विनयावरून येते. प्रव्रज्येसाठी पंधरा वर्षांची मर्यादा घातली असली, तरी कावळे हाकण्याइतका मोठा झालेला मुलगा त्याआधीही घेता येत असे. शेताची राखण करणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वय वेगळे सांगावयास नको. अशा मुलाचा दिवस आचारविधीने सुरू होई. पहाटे उठून उपाध्यायाला दंतकाष्ठ द्यावे, तोंड धुण्यास पाणी द्यावे, आसन मांडावे, हे शिष्याचे पहिले कर्तव्य होते. या कर्तव्याला दुसरी बाजूही होती. शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने पहाटे उठून त्याला दंतकाष्ठ व पाणी द्यावे, असे महावग्ग सांगतो. दात घासणे ही दोघांनी एकमेकांसाठी करावयाची सेवा होती आणि मूल त्या सेवेत भागीदार होते.

इ. स. ६७१ ते ६९५ या काळात प्रवासात असलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने आपल्या वृत्तांतात दंतकाष्ठावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. काडीचे टोक चावून मऊ करावे, त्याने दात घासावे, मग काडी उभी चिरून वाकवावी व तिने जीभ खरवडावी, ही त्याने वर्णिलेली रीत कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वापरणाऱ्या आपल्याकडील खेडुतांना आजही परकी वाटणार नाही. भारतात तीन वर्षांच्या मुलालाही दंतकाष्ठ वापरावयास शिकवितात, असे तो नमूद करतो. इत्सिंगाचा मुक्काम मुख्यतः पूर्व भारतात होता, तेव्हा त्याचे विधान जुन्नरला थेट लावता येत नाही. परंतु इतक्या लहान वयापासून ही सवय लावण्याची पद्धत या देशात किमान तेराशे वर्षांची जुनी आहे, एवढे त्यावरून निश्चित होते.

मानमोडीच्या एका लेखात शक उपासकाने एका श्रेणीकडे जमिनीचे दान सोपविल्याचा उल्लेख असून त्यात करंजाच्या संदर्भात वीस व वडाच्या संदर्भात नऊ निवर्तनांचा निर्देश वाचला गेला आहे. करंज हा आयुर्वेदाने दंतकाष्ठासाठी प्रशस्त मानलेला वृक्ष असल्याने या दोन गोष्टींची सांगड घालण्याचा मोह होतो. परंतु दानाचा असा हेतू लेखात सांगितलेला नाही, म्हणून तसे अनुमान काढणे योग्य होणार नाही.

३

आयुर्वेदाच्या ग्रंथांत दंतधावनाचा विचार वनस्पतींच्या रसांच्या, म्हणजे चवींच्या, आधारे केला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दोन वेळा दात घासावेत असे सांगून तुरट, तिखट वा कडू चवीची काडी घ्यावी, तिचे टोक चावून कुंचल्यासारखे करावे आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असा उपदेश आहे. सुश्रुतसंहितेत बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड काडी सांगितली असून कडू चवीत निंब, तुरट चवीत खैर, तिखट चवीत करंज आणि गोड चवीत मधुक श्रेष्ठ मानला आहे. दातांसाठी सांगितलेल्या चूर्णात त्रिकटू, सैंधव, तेल यांच्याबरोबर मधाचाही समावेश आहे. दात घासण्याची वस्तू कडूच असली पाहिजे असा आग्रह प्राचीनांनी धरला नव्हता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. ऋतू, प्रकृती आणि रस पाहून निवड करावी, अशी त्यांची भूमिका होती.

या औषधी परंपरेशी जुन्नर-आंबेगावचा संबंध हिरड्यामुळे येतो. हिरडा, बेहडा व आवळा यांची त्रिफळा मुखरोगांत आणि दंतमंजनांत पूर्वापार वापरली जाते. आत बी धरण्यापूर्वी काढलेले कोवळे फळ ते बाळहिरडा. उन्हाळ्यात महादेव कोळी कुटुंबे ही फळे झाडावर चढून उतरवितात, वाळवितात आणि विकतात. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातील हिरड्याची असंख्य झाडे मोडून पडली, तेव्हा या उत्पन्नावर किती घरे अवलंबून आहेत हे सर्वांच्या ध्यानात आले. वाळविलेला हिरडा व्यापाऱ्यांमार्फत औषधी कारखान्यांत जातो आणि चूर्ण-मंजनांच्या रूपाने शहरांतील दुकानांत येतो. ज्या घरातील मुलांनी तो वेचला, वाळविला, त्या घरात मात्र ते मंजन विकत घेतले जातेच असे नाही.

४

ग्रामीण घरांतील दंतधावनाचे स्थान अंगण हे होते. सकाळी चूल पेटण्याच्या सुमारास घरातील माणसे ओट्याच्या कडेला किंवा परसात बसत. हातात गोवऱ्यांची राखुंडी, क्वचित तिच्यात मीठ, नाहीतर बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी. जरा बऱ्या स्थितीतील घरांत बदामाची टरफले जाळून, त्यात तुरटी, लवंग, कापूर घालून मंजन केले जाई. मुले या मंडळीत आपोआप सामील होत. त्यांना कोणी ‘दात घास’ म्हणून वेगळे बजावण्याचे कारण फारसे पडत नसे, कारण त्या वेळी सर्वच जण ते करीत असत. काळ्या झालेल्या तोंडांनी एकमेकांना वेडावणे, काडीचा कुंचला कोणाचा चांगला झाला हे ताडून पाहणे, कोणाची चूळ लांब जाते याची पैज लावणे, अशा गोष्टींत मुलांचा वेळ जाई आणि त्यातच दात घासून होत. दुधाचा दात पडला म्हणजे तो कौलांवर भिरकावून नवा दात मागण्याची रीतही अनेक घरांत होती. दातांविषयी मुलाच्या मनात कौतुक उत्पन्न करणारा तो घरगुती संस्कारच म्हणावा लागेल.

या चित्रात केवळ गुणच पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. जाडीभरडी राख आणि कोळसा यांनी दातांवरचे कवच झिजते. त्याहून गंभीर गोष्ट मिसरीची. तव्यावर तंबाखू भाजून, काळी करून, तिची पूड दातांना लावण्याची सवय महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत, विशेषतः स्त्रियांत, दीर्घकाळ रुजलेली आहे. तिचा आरंभ बहुधा दात स्वच्छ करण्याच्या किंवा दातदुखी शमविण्याच्या निमित्ताने होतो आणि शेवट व्यसनात होतो. आजीच्या शेजारी बसून दात घासणारी नात आजीच्या डबीत बोट घालते, हा त्या सोबतीचाच परिणाम होय. ज्या अनुकरणाने मुले आनंदाने चांगली सवय उचलतात, त्याच अनुकरणाने ती घातक सवयही उचलतात. तंबाखूयुक्त मंजने व पेस्ट यांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीला अशी बंदी पोहोचत नाही.

समर्थ रामदासांनी दासबोधातील मूर्खलक्षणांत ज्याचे दात सदा मळलेले असतात त्याची गणना केली आहे. मोठ्यांना उद्देशून असा उपहास उपयोगी पडत असेल. लहान मुलाला त्याने लाज वाटेल, गोडी लागेलच असे नाही.

५

ब्रशचा प्रवेश या देशात इंग्रजी अमलाबरोबर झाला. इंग्लंडमध्ये १७८० च्या सुमारास विल्यम ॲडिस याने ब्रशांचे उत्पादन सुरू केले. हाडाची मूठ आणि डुकराचे राठ केस, असे त्याचे स्वरूप असल्याने हिंदू व मुसलमान या दोन्ही समाजांत त्याविषयी तिटकारा असणे स्वाभाविक होते. अमेरिकेत १९३८ मध्ये नायलॉनच्या तंतूंचा ब्रश बाजारात आला आणि ही अडचण दूर झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १९३७ मध्ये, कोलगेट-पामोलिव्हची कंपनी भारतात नोंदली गेली होती. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले आणि दंतवैद्यांच्या व्यवसायाचे नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये झाला. ही सर्व प्रगती शहरांत घडत होती. खेड्यातील मुलापर्यंत ती पोहोचली ती दवाखान्यातून येण्याआधी वाण्याच्या दुकानातून, मंजनाच्या डबीच्या रूपाने.

माकड छाप काळे दंतमंजन, कोलगेटची पांढरी पावडर आणि केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत स्थापिलेल्या विकोची वज्रदंती ही नावे महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांच्या परिचयाची आहेत. मंजनाने जुन्या रीतीत मोठी मोडतोड केली नाही. बोट तेच राहिले, अंगण तेच राहिले, राखेच्या जागी पावडर आली. पुढे पेस्ट व ब्रश आले तेव्हा मात्र दोन बदल घडले. प्रत्येकाचे साधन वेगळे झाले आणि दात घासण्याची जागा अंगणातून मोरीत, मोरीतून आरशासमोरच्या बेसिनपाशी गेली. स्वच्छतेच्या दृष्टीने हे बदल इष्टच होते. परंतु मूल त्या कामात एकटे पडले आणि जे पूर्वी सहज होत असे ते आता सांगून करवून घ्यावे लागू लागले.

ही उणीव व्यापाऱ्यांनी बरोबर ओळखली. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लास्टिकचे चिमुकले प्राणी मिळत. एकोणीसशे साठ व सत्तरच्या दशकांत बालपण गेलेल्या कित्येकांनी ते जमविले होते. त्याच नावाची ‘बिनाका गीतमाला’ १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांच्या निवेदनाने गाजत होती. पुढे दूरदर्शनवरील जाहिरातींची गाणी मुलांच्या तोंडी बसली. अलीकडे फळांच्या चवीच्या पेस्ट, चित्रांचे ब्रश, गाणे वाजविणारे ब्रश निघाले आहेत. त्यांचा उपयोग नाही असे म्हणता येणार नाही. मात्र खोक्यातील प्राण्याची ओढ पेस्ट विकत आणण्यापुरती असते. ती रोज सकाळी व रात्री मुलाच्या शेजारी उभी राहू शकत नाही.

६

आजची स्थिती पाहता हा विषय केवळ कौतुकाचा राहिलेला नाही. भारतीय दंत परिषदेच्या पुढाकाराने २००२-०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले होते. पूर्वी गूळ, क्वचित उसाचे कांडे, एवढ्यावर भागणारी गोडाची हौस आता पाच-दहा रुपयांच्या पुड्यांतून दिवसभर पुरविली जाते. वाडीवस्तीवरच्या टपरीतही गोळ्या, बिस्किटे व गोड पेये मिळतात. अन्न बदलले, त्या मानाने दात घासण्याची रीत बदलली नाही. सकाळी एकदा तोंड धुणे पूर्वीच्या आहाराला कदाचित पुरत असेल. साखरेच्या आहाराला रात्रीचे दात घासणे अपरिहार्य आहे आणि नेमकी तीच सवय आपल्या परंपरेत क्षीण आहे. चरकाने सांगितलेल्या दोन वेळांपैकी एकच वेळ लोकाचारात टिकली, असे म्हणावे लागते.

बालदंतवैद्यकाचा आजचा उपदेश थोडक्यात असा आहे : पहिला दात दिसल्यापासून स्वच्छतेस आरंभ करावा; तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट घ्यावी; पेस्ट गिळू न देता थुंकावयास शिकवावे; आणि मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मोठ्या माणसाने त्याच्याबरोबर उभे राहून मदत करावी. यांतील शेवटचे कलम आधुनिक शास्त्राचे असले तरी जुन्या अंगणाचे तेच मर्म होते.

प्रश्न अधिक बिकट होतो तो आश्रमशाळांतील मुलांच्या बाबतीत. घोडेगाव येथे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असून या डोंगराळ भागातील अनेक मुले सहा-सात वर्षांच्या वयापासून निवासी शाळांत राहतात. ज्या वयात मोठ्यांची सोबत सर्वाधिक आवश्यक, त्याच वयात ती मुले आई-आजीपासून दूर असतात. मिसरीच्या डबीपासून ती दूर राहतात, हा लाभ खरा. परंतु त्यांच्या हाती ब्रश व पेस्ट देऊन आणि रांग लावून हे काम संपत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांच्या तपासणीत दातांच्या विकारांचा समावेश आहे. तपासणीने कीड सापडते, सवय लागत नाही. सवय लावणारे माणूस रोज तेथे असावे लागते.

येथे विनयातील त्या जुन्या व्यवस्थेचे स्मरण उपयुक्त ठरेल. घरापासून दूर, डोंगरावरच्या लेण्यांत राहणारा श्रामणेर आणि आजच्या निवासी शाळेतील पहिलीचा विद्यार्थी यांची स्थिती एका अर्थी सारखीच आहे. त्या काळच्या नियमकर्त्यांनी मुलाला एका मोठ्या माणसाशी जोडून दिले, सकाळच्या कामात त्याला मानाचा वाटा दिला आणि दंतकाष्ठाची छडी होऊ दिली नाही. हे तिन्ही उपाय आजही विनाखर्च करता येण्याजोगे आहेत. अधीक्षकाने किंवा शिक्षकाने रात्रीच्या जेवणानंतर मुलांसमवेत स्वतः दात घासावेत. वरच्या वर्गातील प्रत्येक मुलाकडे खालच्या वर्गातील एक मूल सोपवावे. पेस्ट वाटण्याचे, पाणी देण्याचे काम लहानांकडे आळीपाळीने द्यावे. आणि विसरलेल्या मुलास शिक्षा करू नये. गाणे, गोष्ट, चूळ लांब टाकण्याची पैज यांना तेथे मुभा असावी. हिरडा वेचणाऱ्या घरातील मुलाला तो हिरडा पुढे कोठे जातो आणि कशाच्या उपयोगी पडतो हे सांगितले, तर दात घासण्याच्या धड्यात त्याला आपले घरही दिसेल.

दंतकाष्ठ, राखुंडी, मंजन, ब्रश अशी साधने या परिसरात एकामागून एक आली. त्यांतील काही चांगली होती, काही अपायकारक होती आणि आजचे साधन त्या सर्वांत निर्दोष आहे. परंतु मुलाला त्या कामाची गोडी वाटली ती प्रत्येक काळी साधनापेक्षा शेजारी बसलेल्या माणसामुळे, असे उपलब्ध पुराव्यावरून दिसते. साधन पुरविण्याची जबाबदारी शासन व बाजार यांनी पुष्कळशी उचलली आहे. शेजारी बसण्याची जबाबदारी अद्याप घराची आणि शाळेचीच आहे.